आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीत : पडद्यामागचे काम आणि निवेदनाची भाषा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला,
• शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम आकाशवाणी केंद्रावर कोणकोणत्या टप्प्यांतून जातो, हे सांगता येईल.
• रागसंगीत आणि प्रसारणाचे वेळापत्रक यांतील ताण स्पष्ट करता येईल.
• कलाकारांच्या निवडीविषयीच्या धोरणांचे परिणाम समजून घेता येतील.
• संगीत-कार्यक्रमासाठी नेमके व श्रवणसुलभ मराठी निवेदन लिहिता येईल.

प्रास्ताविक

मागील घटकात आपण नभोनाट्याच्या संहितेचा विचार केला. तेथे शब्द हेच मुख्य साधन होते. या घटकात आपण अशा कार्यक्रमाकडे वळणार आहोत, ज्यात शब्दांना जागा फार थोडी असते. अर्ध्या तासाच्या ख्यालगायनात निवेदकाच्या वाट्याला सुरुवातीची काही वाक्ये आणि शेवटची एक-दोन वाक्ये येतात. मग मराठीच्या विद्यार्थ्याने या कार्यक्रमाचा अभ्यास का करावा, असा प्रश्न तुमच्या मनात येईल.

त्याचे उत्तर श्रोत्याच्या स्थितीत आहे. मैफलीतील श्रोत्याला गायक दिसतो, साथीदार दिसतात, तानपुरे जुळताना दिसतात. रेडिओच्या श्रोत्याला यांपैकी काहीच दिसत नाही. कोण गात आहे, कोणता राग आहे, तबल्यावर कोण आहे, हे त्याला केवळ निवेदनातून कळते. म्हणजे जे डोळ्यांनी कळायचे, ते सांगण्याची जबाबदारी भाषेवर येते.

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे केंद्र होते. कंपनी आर्थिक अडचणीत आल्यावर १९३० मध्ये प्रसारण सरकारकडे गेले आणि १९३६ मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. पुढे १९४८ मध्ये नागपूर आणि १९५३ मध्ये पुणे ही केंद्रे सुरू झाली. त्यापूर्वी शास्त्रीय संगीत दरबारात, मंदिरात, खासगी मैफलीत किंवा तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेवर ऐकायला मिळत असे. रेडिओमुळे ते ज्याला मैफलीचे आमंत्रण कधीच मिळाले नसते, त्याच्याही घरात आले.

विषय-विवेचन

१. राग आणि घड्याळ

रागविस्ताराला ठरावीक अंत नसतो. मैफल रंगली, तर गायक एकच राग दीड तास गाऊ शकतो. आकाशवाणीचे कामकाज मात्र सेकंदांवर चालते. बातम्या ठरल्या वेळी सुरू झाल्याच पाहिजेत. त्यामुळे अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे निवेदनासह अर्धा तास, हे कलाकाराने गृहीत धरावे लागते.

ही अडचण किती खरी आहे, हे एका हिशेबाने लक्षात येईल. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास जाऊ शकते. गायकाने समेवर येऊन थांबायचे ठरवले आणि सम नुकतीच निघून गेली असेल, तर पुढच्या समेपर्यंत तेवढा वेळ जाणार. थेट प्रसारणाच्या काळात स्टुडिओतील गायकाला स्वर, लय आणि समोरचे घड्याळ अशी तिन्ही व्यवधाने सांभाळावी लागत. विलंबित ख्याल केव्हा आटोपायचा आणि द्रुत बंदिशीसाठी किती मिनिटे राखायची, याचा आराखडा त्याच्या मनात तयार असे.

ध्वनिमुद्रित कार्यक्रमात हा भार प्रसारण-कक्षातील कर्मचाऱ्यांवर येतो. वेळ संपत आली की आवाज हळूहळू कमी करून ध्वनिमुद्रण थांबवता येते. परंतु ते कोठे थांबवायचे, हे तालाची जाण असलेल्यालाच कळते. आवर्तनाच्या मध्येच गाणे तोडले, तर क्रियापदाआधी थांबलेल्या मराठी वाक्यासारखे ते अधुरे वाटते. जाणकार कर्मचारी मुखडा समेवर येईपर्यंत थांबतो. श्रोत्याला तेव्हा काही घडल्याचे जाणवत नाही आणि तेच त्या कामाचे यश असते.

घड्याळाशी आणखी एक संबंध आहे. रागांना प्रहर असतात. ललत पहाटेचा, तोडी सकाळचा, मारवा सूर्यास्ताच्या सुमाराचा. कार्यक्रम आखणारा अधिकारी सकाळ, दुपार आणि रात्र अशा सभांत हा संकेत पाळतो. ध्वनिमुद्रण मात्र स्टुडिओ मोकळा असेल तेव्हा होते. म्हणून भर दुपारी बंद खोलीत बसून कलाकाराला ललत गावा लागतो. श्रोता तो पहाटे ऐकतो, तेव्हा प्रहर त्याच्या बाजूने पाळलेला असतो.

२. कोणी गावे, कोणते वाद्य वाजावे

कार्यक्रम मिळण्यापूर्वी कलाकाराला स्वरचाचणी द्यावी लागते. परीक्षकांना कलाकाराचे नाव कळू नये, त्यांनी केवळ आवाज ऐकून निर्णय द्यावा, असे या पद्धतीचे तत्त्व आहे. उत्तीर्ण कलाकाराला ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ किंवा ‘टॉप’ अशी श्रेणी मिळते आणि मानधन श्रेणीनुसार ठरते. घराणे, गुरू आणि ओळख यांच्या आधारे चालणाऱ्या क्षेत्रात ही पद्धत नवी होती. ज्येष्ठ कलाकारांना परीक्षेस बसणे अपमानास्पद वाटले, तर ओळखपाळख नसलेल्या तरुणांना ते दार उघडल्यासारखे वाटले.

धोरणाचे परिणाम किती दूरवर जातात, याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण हार्मोनियमचे. या वाद्यात मींड काढता येत नाही आणि त्याचे स्वर पट्टीत बांधलेले असतात, हा आक्षेप त्या काळी अनेकांनी घेतला होता. रवींद्रनाथ टागोर यांचाही त्याला विरोध होता. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. महाराष्ट्रात संगीत नाटकामुळे पेटी घरोघरी पोहोचली होती आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. तरीही रेडिओवरील गायनाला साथ सारंगीची किंवा व्हायोलिनची असे. मैफलीत मागे पडू लागलेल्या सारंगीवादकांना आकाशवाणीच्या नोकरीने आधार दिला, ही याच निर्णयाची दुसरी बाजू आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. १९४६ मध्ये माहिती व नभोवाणी खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे असताना, ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण ठरले. त्याचा फटका गाण्याचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना बसला. ज्यांनी ठुमरी-दादरा जपला, त्यांचीच योग्यता गाण्याबाहेरच्या कसोटीवर तपासली गेली. उत्तर भारतात नावापुढील ‘बाई’ किंवा ‘जान’ मागे पडून ‘देवी’ व ‘बेगम’ ही उपपदे रूढ होत गेली. मराठीत मात्र हिराबाई बडोदेकर, मोगूबाई कुर्डीकर या नावांतील ‘बाई’ आदरार्थीच राहिली. एकाच शब्दाचा सामाजिक अर्थ प्रदेशानुसार कसा बदलतो, हे भाषेच्या अभ्यासकाने येथे ध्यानात घ्यावे.

पुढे १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते कमी करून शास्त्रीय संगीताला प्राधान्य देण्यात आले. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ मध्ये, तर आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ मध्ये सुरू झाले. त्याच वेळी चित्रपटगीतांचा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

३. स्टुडिओ, फीत आणि नोंद

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कलाकाराआधी तानपुरे स्टुडिओत येतात. वातानुकूलित खोलीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा वेगळी असते. तारा आणि तबल्याचे कातडे त्या हवेला रुळेपर्यंत जुळवलेला स्वर टिकत नाही. ध्वनिमुद्रक काचेपलीकडे बसून गायक, तबला, संवादिनी आणि तानपुरे यांच्या आवाजांचा तोल साधतो. तानपुरा ऐकू आला पाहिजे, पण त्याने गायकाला झाकता कामा नये.

संगणक येण्यापूर्वी संपादन चुंबकीय फितीवर होई. सेकंदाला साडेसात इंच वेगाने चालणाऱ्या फितीवर अर्ध्या सेकंदाचा खोकला म्हणजे पावणेचार इंच फीत. तेवढा तुकडा पात्याने कापून दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. कापताना तबल्याची मात्रा चुकली, तर खोकला परवडला अशी वेळ येई.

यानंतरचे काम नोंदीचे. फितीच्या काळात डब्यावर कलाकार, राग, ताल, साथीदार, कालावधी आणि तारीख लिहिली जाई. हे कारकुनी काम वाटते. पण भूप आणि देशकार यांचे स्वर सारखेच आहेत, तसेच मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही. केवळ स्वरांवरून नोंद करणारा येथे फसतो. डब्यावर चुकीचा राग पडला, तर निवेदक तेच वाचणार आणि नवखा श्रोता तेच खरे मानणार. जुन्या काळी फिती महाग असल्याने अनेक ध्वनिमुद्रणे पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतले गेले. म्हणून जे उरले आहे, त्याची नोंद अचूक असणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

४. निवेदनाची भाषा

आता पुढील दोन नमुने मोठ्याने वाचा.

नमुना अ : ‘रसिकहो, स्वरांच्या अमृतवर्षावात न्हाऊन निघण्यास आतुर झालेल्या आपल्या मनांना स्वर्गीय आनंदाच्या हिंदोळ्यावर झुलविण्यासाठी आता आपल्या भेटीला येत आहेत सुप्रसिद्ध, लोकप्रिय आणि अष्टपैलू गायिका श्रीमती …’

नमुना आ : ‘आता ऐकू या ख्यालगायन. गायिका आहेत श्रीमती … . राग पूरिया धनाश्री. सायंकाळचा राग. विलंबित ख्याल एकतालात, द्रुत ख्याल त्रितालात. तबल्यावर साथ … यांची, संवादिनीवर … यांची.’

पहिल्या नमुन्यात गायिकेचे नाव येईपर्यंत श्रोत्याची उत्सुकता विरून जाते. राग, ताल व साथीदार यांचा पत्ताच नाही. शिवाय ऐकण्यापूर्वीच ‘स्वर्गीय आनंद’ बहाल करून निवेदकाने श्रोत्याचा निर्णय स्वतः घेतला आहे. दुसऱ्या नमुन्यात प्रत्येक वाक्य एका श्वासात मावते आणि एकेक माहिती वेगळी ऐकू येते. ‘सायंकाळचा राग’ हे दोन शब्द जाणकाराला अडवत नाहीत, मात्र नवख्याला धरायला काहीतरी देतात.

निवेदन लिहिताना पुढील गोष्टी पाळाव्यात :
(१) कलाकाराचे नाव त्याला मान्य असलेल्या रूपातच घ्यावे. पंडित, उस्ताद, विदुषी, बुवा, बाई यांपैकी कोणते उपपद लावायचे, हे आधी विचारून घ्यावे.
(२) साथीदारांची नावे गाळू नयेत. रेडिओवर त्यांना श्रोत्यांसमोर आणणारे दुसरे काहीच नसते.
(३) मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन उच्चार आहेत. ‘जौनपुरी’तील ‘ज’ तालव्य आहे. शंका असल्यास कलाकारालाच विचारावे.
(४) कार्यक्रमाच्या शेवटी कलाकार व राग पुन्हा सांगावेत. मध्येच रेडिओ लावलेला श्रोता त्याचीच वाट पाहत असतो. येथे ‘आपण ऐकलेत’ या लेखी रूपापेक्षा ‘आपण ऐकलंत’ हे बोलीरूप कानाला सहज वाटते.
(५) शेवटचा स्वर विरल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे.

पूर्वी कधी फीत तुटे; कधी पुढचा कार्यक्रम वेळेवर मिळत नाही. अशा वेळी दोन-तीन मिनिटांचे वाद्यसंगीत हाताशी तयार असते आणि ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’ एवढेच सांगितले जाते. कारणांची लांबण लावणे हाही व्यत्ययच होय. राष्ट्रीय दुखवट्यात तर नियोजित कार्यक्रम बाजूला ठेवून गंभीर वाद्यसंगीत लावले जाते. अनेक ज्येष्ठ श्रोत्यांना बातमीआधी त्या सुरांवरूनच काय घडले असावे, याची कल्पना येई.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

चूक की बरोबर ते सांगा.
(१) मुंबई केंद्र सरकारी केंद्र म्हणूनच सुरू झाले.
(२) स्वरचाचणीत परीक्षकांना कलाकाराचे नाव आधी सांगितले जाते.
(३) भूप आणि देशकार या रागांचे स्वर सारखे आहेत.

सारांश

शास्त्रीय संगीताला मोकळा वेळ हवा असतो, तर प्रसारणाला नेमका वेळ. या दोहोंचा मेळ घालणारी माणसे श्रोत्यासमोर कधी येत नाहीत. ध्वनिमुद्रक, संपादक, नोंद ठेवणारा कर्मचारी, प्रसारण अधिकारी आणि निवेदक यांपैकी एकाचीही चूक मात्र लगेच ऐकू येते. कोणाला ध्वनिक्षेपकापुढे बसू द्यायचे आणि त्याचे नाव कसे घ्यायचे, या निर्णयांतून समाजाची मूल्ये प्रकट होतात. निवेदकाची मोजकी भाषा हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. कलाकाराला त्याचे श्रेय आणि श्रोत्याला त्याचा निर्णय परत करण्याची ती रीत आहे.

शब्दार्थ

आवर्तन : तालाच्या सर्व मात्रांची एक पूर्ण फेरी
सम : तालाची पहिली, महत्त्वाची मात्रा
मुखडा : बंदिशीचा समेकडे नेणारा भाग
मींड : एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे
सभा : आकाशवाणीच्या दैनिक प्रसारणाचा एक भाग

स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

(१) चूक (२) चूक (३) बरोबर

सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘नोंद ठेवणे हे संगीत जपण्याचेच काम आहे’ या विधानाची चर्चा करा.
(२) हार्मोनियमवरील बंदीचे दोन परस्परविरोधी परिणाम लिहा.
(३) तुमच्या परिसरातील एखाद्या गायक-वादकाच्या वीस मिनिटांच्या कार्यक्रमासाठी सुरुवातीचे व शेवटचे निवेदन लिहा. ते घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि चाळीस सेकंदांत बसवा.
(४) आकाशवाणीवरील एक संगीतसभा ऐका. निवेदनातील कोणती माहिती उपयोगी वाटली आणि कोणती नसती तरी चालले असते, हे दहा ओळींत नोंदवा.