भोसले घाट आणि घराचा पाया

घर म्हणजे भिंती व छप्पर, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु घराचा भार ज्यावर विसावतो तो भाग जमिनीखाली असतो व एकदा माती भरली की तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. बांधकामात काटकसर करावयाची म्हटली की पुष्कळदा या न दिसणाऱ्या भागावरच पहिली कात्री चालते. ही चूक किती महाग पडते, हे काशीच्या गंगातीरी चांगले समजते.

नागपूरच्या भोसले घराण्याने इ.स. १७८० च्या सुमारास काशीस घाट बांधविला. तोच भोसले घाट. घाटावर भोसल्यांचा भव्य दगडी वाडा आहे. त्याची नदीकडील भिंत खालच्या बाजूस जवळजवळ अखंड असून लहान खिडक्या वरच्या भागात आहेत. तेथून प्रवाहाच्या वरच्या दिशेस थोड्याच अंतरावर शिंदे घाट लागतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३० मध्ये बांधविला. परंतु बांधकामाच्या प्रचंड भाराने तो खचला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. त्याच्या शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर तर सुमारे ९ अंशांनी कललेले दिसते. दगड उत्तम व कारागीर कुशल असूनही जमीन दगा देऊ शकते, असा याचा अर्थ होय.

जागेची पारख

म्हणून घर बांधण्याची पहिली पायरी म्हणजे जमिनीची परीक्षा. नियोजित जागेवर दोनतीन ठिकाणी खड्डे खणून मातीचे थर पाहतात. काशीचा पश्चिम तीर उंच असून तो चिकणमाती व चुनखडीचे खडे यांचा बनलेला आहे. समोरचा पूर्व तीर मात्र सखल व वाळूचा आहे. त्यामुळे शहर पश्चिमेच्या उंचवट्यावर वसले. महाराष्ट्रात काळ्या मातीचा प्रश्न निराळा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास वर्षावर्षाला भिंती तडकतात. याकरिता चर काळ्या थराच्या खाली मुरुमापर्यंत नेतात. मुरूम फार खोल असल्यास जमिनीत ओतलेल्या खांबांचा आधार घेतात. असे तळाशी फुगीर खांब रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केले आहेत.

आखणी

जागा साफ झाली की खुंट्या व सुतळी घेऊन घराची आखणी होते. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका सुतळीवर ३ मीटर व दुसरीवर ४ मीटर मोजावे. त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ मीटर भरले, तर कोन काटकोन होय. चौकोनी खोलीचे दोन्ही कर्णही सारखे भरले पाहिजेत. नंतर आखणीवर चुना टाकून चर खणतात. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दूरच्या खुंट्यांशी धरली, म्हणजे दोन्ही टोकांस पाण्याची उंची सारखी राहते. त्यावरून गवंडी पातळी ठरवितो.

पायाची रुंदी

पाया भिंतीपेक्षा रुंद का असतो? ओल्या वाळूवर एक वीट आडवी व दुसरी उभी ठेवून पाहावे. वजन सारखेच असूनही उभी वीट अधिक रुतते, कारण तिचा भार थोड्या जागेवर एकवटतो.

घराचे गणितही असेच आहे. ३५ सेंटिमीटर जाडीची व ३ मीटर उंचीची विटांची भिंत घेतली, तर तिच्या प्रत्येक मीटर लांबीचे वजन सुमारे २,००० किलोग्रॅम भरते. छप्पर, माणसे, सामान व पायाचे स्वतःचे वजन मिळून हा भार ५,००० किलोग्रॅम झाला, असे समजू. जमीन दर चौरस मीटरला १०,००० किलोग्रॅम सुखाने पेलत असेल तर अर्धा मीटर रुंदीचा पाया पुरेल. ५,००० च पेलत असेल तर पूर्ण एक मीटर रुंदी लागेल. प्रत्यक्ष घरासाठी हे आकडे माहीतगार अभियंत्याकडून ठरवून घ्यावेत. सबंध घर थोडे व एकसारखे खचले तर फारसे बिघडत नाही. एक बाजू दुसरीपेक्षा अधिक खचली, तर मात्र भिंतीला तडा जातो किंवा इमारत कलते. इटलीतील पिसा येथील मनोरा ११७३ मध्ये बांधावयास घेतला आणि मऊ मातीमुळे बांधकाम चालू असतानाच कलू लागला.

पाण्याचे भय

भिजलेल्या मातीचे कण एकमेकांवरून सहज सरकतात व तिची भार पेलण्याची शक्ती घटते. नदीकाठी प्रवाह पायाखालची माती वाहूनही नेतो. काशीस गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर मानतात. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. साध्या घरालाही पाण्याचे भय असतेच. छपराचे पाणी भिंतीलगत साचू देऊ नये. जोते आसपासच्या जमिनीपेक्षा उंच घ्यावे आणि भिंत उठविण्यापूर्वी जोत्यावर ओल अडविणारा थर द्यावा, म्हणजे जमिनीतील ओल भिंतीत चढत नाही.

घरासाठी कुटुंबाची बहुधा आयुष्यभराची बचत खर्ची पडते. रंग फिका झाला तर पुन्हा देता येतो, दार मोडले तर बदलता येते. पाया मात्र घर उभे राहिल्यावर दुरुस्त करणे अत्यंत कठीण व खर्चाचे असते. म्हणून चराचा तळ कठीण लागला की नाही, तो सपाट व कोरडा आहे की नाही, रुंदी ठरल्याप्रमाणे आहे की नाही, हे सारे पाया भरण्यापूर्वीच घरच्या मंडळींनी चरात उतरून स्वतः पाहून घ्यावे.