आधी उघडून दाखवा, मग पैसे

विकणाऱ्याने डोळ्यांत डोळे घालून खोटं सांगितलं, तर लाज त्याला वाटायला हवी. पण ही हकिकत ज्याला सांगावी तो मलाच ऐकवतो, "नीट बघून घ्यायचं ना!" मी नीट बघितलं होतं. तीन-तीनदा विचारलंही होतं. जुन्या व्हिडिओ गेमच्या मेळाव्याला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे वाचावं, आणि मला शहाणपण शिकवणाऱ्यांनीही वाचावं.

अशा मेळाव्यांना मी हौसेने जाते. आम्ही ओरेगनमध्ये, हिल्सबरोला राहतो. पोर्टलँडचा रेट्रो गेमिंग एक्स्पो म्हणजे आमच्या घरचं कार्य असल्यासारखंच. मॅक्स रेल्वेची निळी लाइन एक्स्पो भरतो त्या कन्व्हेन्शन सेंटरपाशीच उतरवते, त्यामुळे पार्किंगच्या भानगडीत पडूच नका. २०१८ साली तिथेच १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने क्लासिक टेट्रिसच्या अंतिम सामन्यात सात वेळा जगज्जेता ठरलेल्या जोनास न्यूबाउअरला हरवलं. ते सामने आजही निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस यंत्रावर आणि काचेच्या जाडजूड टीव्हीवरच खेळतात. एवढं जिवापाड जपलेलं जग आहे हे, म्हणूनच त्यात शिरलेल्या लबाडांचा राग येतो.

माझ्या बाबतीत घडलं ते दुसऱ्या एका मेळाव्यात. त्याचं नाव देत नाही, कारण आयोजकांनी माझं सगळं ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली. दोष एका टेबलवाल्याचा होता.

लेकीला पोकेमॉन एमेरल्ड हवा होता. गेम बॉय ॲडव्हान्सचा हा गेम अमेरिकेत २००५ साली आला आणि आज त्याच्या नकला बाजारात जागोजागी आहेत. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं, "ओरिजिनल आहे ना?" तो म्हणाला, "शंभर टक्के. माझ्या स्वतःच्या लहानपणीचा आहे." प्रश्न मी विचारला होता, उत्तर मात्र त्याने माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. नवऱ्याने आयुष्यात गेम बॉय हातात धरलेला नाही. मी म्हटलं, "मागचा स्क्रू काढून दाखवता का?" यावरही त्याने नवऱ्यालाच समजावलं, की एकदा उघडलं की किंमत पडते. हे धादांत खोटं आहे. योग्य स्क्रूड्रायव्हरने उघडून परत बंद केलेल्या कार्ट्रिजची किंमत एका पैशानेही कमी होत नाही. चांगले विक्रेते स्वतःच उघडून आतला बोर्ड दाखवतात. मग त्याने गेम सुरू करून दाखवला, "रोख दिलेत तर दहा डॉलर कमी" म्हणाला आणि दीडशेच्या आसपास पैसे घेतले.

सुरू होणं हा कसलाच पुरावा नव्हे, हे इथेच सांगून ठेवते. नकली गेमसुद्धा झकास सुरू होतो. त्याचं खरं रूप कळतं ते मुलाने कित्येक तास खेळून झाल्यावर, जेव्हा सेव्ह केलेलं सगळं एके दिवशी उडून जातं.

रात्री जेवणाच्या टेबलावर मी आमच्याकडचा अस्सल पोकेमॉन रूबी आणि हा एमेरल्ड शेजारी शेजारी ठेवले. रूबीच्या लेबलवर बोट फिरवलं की कोपऱ्यात दाबून उठवलेला बारीकसा आकडा हाताला लागतो, उजेडात तिरका धरला की दिसतोही. एमेरल्डचं लेबल सपाट. मग खालच्या खाचेतून आत पाहिलं. रूबीच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डावर 'निन्टेन्डो' छापलेलं होतं, एमेरल्डमध्ये तिथे काहीच नव्हतं. तरीही विक्रेत्याला शंकेचा फायदा द्यावासा वाटत होता, म्हणून स्क्रू काढला. अस्सल एमेरल्डमध्ये गेममधल्या घड्याळासाठी एक गोल बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. इथे बॅटरी नव्हती, चिपही दिसत नव्हती. हिरव्या बोर्डावर डांबराचा थेंब पडून वाळावा तसा एक काळा गोळा तेवढा होता. लेक शेजारी उभी होती. तिने फक्त विचारलं, "म्हणजे हा खोटा?" त्या माणसाचं 'माझ्या लहानपणीचा' हे वाक्य मला तेव्हा आठवलं आणि कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाकडे गेलो. आधी म्हणाला, "हा माझ्याकडचा नाही." नवऱ्याला बघून ओळख पटली, तेव्हा सूर बदलला. "पण तुम्ही उघडलाय. आत तुम्ही काय बदललंत, मला काय ठाऊक? उघडलेला माल मी परत घेत नाही." म्हणजे विकताना उघडायचं नाही, आणि विकल्यावर उघडलं म्हणून परत घ्यायचं नाही! हे बोलत असताना त्याच्या मागच्या काचेच्या पेटीत, आदल्या दिवशी जिथून त्याने आमचा गेम काढला होता नेमक्या त्याच जागी, दुसरा एमेरल्ड ठेवलेला होता. किंमतही तीच. पैसे मिळाले नाहीत. रोखीला कागद नव्हता.

तेव्हा रोख मागणाऱ्याकडून महाग वस्तू घेऊ नका. कार्डने द्या, म्हणजे बँकेकडे दाद मागता येते. रोखच द्यायची झाली, तर टेबलावरची पाटी आणि वस्तू एकाच फोटोत घ्या आणि पावतीवर 'ओरिजिनल' असं लिहून मागा. काहीजण उघडपणे 'रिप्रो' अशी चिठ्ठी लावून नक्कल स्वस्तात विकतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, ते खरं बोलतात.

अस्सल एमेरल्ड सुरू होताना बॅटरी संपल्याची सूचना दिसली तर घाबरू नका. त्यात सेव्ह बॅटरीवर अवलंबून नसतं, फक्त घड्याळ थांबतं. पोकेमॉनच्याच रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हर या गेमचं तसं नाही. त्यांची बॅटरी संपली की सेव्हच राहत नाही. एनईएसवरच्या सोनेरी झेल्डाचंही तेच. म्हणून विक्रेत्याला बॅटरी कधी बदलली ते विचारा.

एनईएसची झॅपर बंदूक दिसली की हात शिवशिवतात, पण ती जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते. घरातल्या सपाट टीव्हीवर गेममधलं एकही बदक पडणार नाही. सुट्या ॲडॉप्टरांच्या खोक्यापासून जपून. एनईएसचा ॲडॉप्टर एसी देतो, सेगा जेनेसिसला डीसी लागतं. पिन बसते म्हणून तो जेनेसिसला लावलात तर यंत्र हातचं जाईल. सुपर निन्टेन्डो पिवळा पडलेला दिसला तर मात्र नाक मुरडू नका. तो प्लास्टिकचा स्वभाव आहे, आतलं यंत्र ठणठणीत असू शकतं, आणि घासाघीस करायला कारण मिळतं.

भारतात भाच्या-पुतण्यांसाठी काही नेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. या जुन्या यंत्रांचा अमेरिकन ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट घातला की जळतो. आणि लहानपणी आपण ज्या पिवळ्या कॅसेटी घालून काँट्रा खेळायचो ते टीव्ही गेम जपानी फॅमिकॉमची नक्कल होते. त्या कॅसेटींना ६० पिना, अमेरिकन एनईएसला ७२. माळ्यावरच्या जुन्या यंत्रात इथली कॅसेट बसणार नाही.

बाकी नेहमीचंच. पायात आरामाचे बूट घाला, पाणी जवळ ठेवा, खर्चाचा आकडा घरूनच ठरवून निघा. शनिवारी सकाळी माल चांगला असतो, रविवारी दुपारनंतर भाव उतरतात, कारण उरलेली खोकी परत वाहून न्यायची कोणालाच हौस नसते. पोर्टलँडला आर्केड आणि पिनबॉलची यंत्रं तिकिटातच खेळायला मिळतात, मुलांना आधी तिथे न्या. आणि बायकांना मुद्दाम सांगते, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर विक्रेता तुमच्या सोबतच्या पुरुषाला देत असेल, तर त्या टेबलावर एक डॉलरही खर्च करू नका.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लागतो, एनईएस आणि सुपर निन्टेन्डोच्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट. दोन्ही स्वस्तात मिळतात. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मागवून ठेवा, टेबलावर काढून ठेवा, आणि विक्रेता उघडू देत नसेल तर पुढच्या टेबलाकडे चालू लागा.