घड्याळ आधी, हत्यार नंतर

भाचेबुवा, डॉक्टरांनी तुझ्या दुखण्याला पार्किन्सन्स हे नाव दिल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. हत्यारांची पेटी तू माळ्यावर टाकून दिलीस, हेही सांगितलं. ती आधी खाली उतरव. म्हणजे तू चढू नकोस, लेकाला चढव. मला हा कंपवात जडून अकरा वर्षं झाली आणि परवाच स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर मी माझ्या हातानं बदलला.

१. काम घड्याळ बघून काढायचं, हुक्की आली म्हणून नाही – लेव्होडोपाची गोळी लागू झाली की अंग सैल होतं आणि ती उतरायला लागली की हातातला पाना अर्ध्यावरच जड होतो. आठ दिवस वहीत लिही, अंग कोणत्या वेळी तुझं ऐकतं. माझं सकाळी दहा ते साडेअकरा ऐकतं.

२. गोळी दुधाबरोबर किंवा डाळ-पनीरच्या जेवणावर घेऊन कामाला बसू नकोस – प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून रक्तात शिरायला एकाच दारात रांग लावतात. जेवणाआधी किती वेळ घ्यायची, ते डॉक्टरांकडून ठरवून घे.

३. हातांची धास्ती कमी धर, पायांची जास्त – थरथर बहुधा हात रिकामा असतानाच जोर करते, दगा देतो तो तोल. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या दुखण्यावर पुस्तिका लिहिली, तेव्हा कापणाऱ्या हातांबरोबर पुढे झुकून धावत सुटणारी पावलंही त्यांनी नोंदवली होती.

४. शिडी, स्टूल, माळा, गच्चीचा कठडा: नाही. शिडीवर हौस चढते आणि हाड उतरतं, बाळा. चौथ्या वर्षी ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवायला मी दोन पायऱ्यांच्या स्टुलावर चढलो, मान वर केली आणि मागच्या मागे गेलो. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं – मागे कलल्यावर एक पाऊल मागे टाकून सावरायचं असतं, आणि नेमकं तेच आपल्या अंगाला वेळेत जमत नाही.

५. कामाच्या जागेवरचं पायपुसणं, वायर, पसरलेलं वर्तमानपत्र आधी उचल आणि वळताना गिरकी न घेता अर्धगोल चाल – वळण मोठं तर दुखणं छोटं. पाय जमिनीला चिकटलेच तर ओढाताण नको. थांब, फरशीची पुढची रेघ बघ आणि ती ओलांडायला पाऊल उचल.

६. ओट्याखालचं काम झालं की झटकन उठू नकोस, मिनिटभर बसून मग ऊठ – दुखण्यानं आणि गोळ्यांनीही उभं राहताना रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.

७. आता नळ. मुख्य कॉक बंद कर, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दे आणि सिंकच्या जाळीवर फडकं पसर – निसटलेला स्क्रू मोरीत गेला की दिवस गेला. सुटे भाग वाटीत ठेव, वाटीखाली ओलं फडकं घाल म्हणजे ती सरकणार नाही. खुर्ची ओढून बस, कोपर ओट्याला टेकव, मगच पाना लाव – कोपर टेकलं की मनगटावरचा अर्धा भार जातो. पेचकसाच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळ – जाड मूठ कमी जोरात पकडता येते. मला पाऊण तास लागला. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचं, पण आता ठिबकत नाही आणि तेवढंच हवं होतं.

८. खिळा बोटांनी धरायचा नाही, कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धरायचा – हातोडी चुकली तर चिमटा फुटेल, नख नाही.

९. ग्राइंडर आणि कटर देऊन टाक. विजेचं काम वायरमनकडे, आणि तो येईल तेव्हा घराला आरसीसीबी बसवून घे – गळती ३० मिलीअँपिअरवर गेली की तो वीज तोडतो.

१०. नाकावर विसंबू नकोस – या दुखण्यात वास हात थरथरायच्या कितीतरी आधीच जातो, आणि गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला तो उग्र दर्पसुद्धा कळत नाही. शेगडीची नळी कधीही स्वतः बदलू नकोस. जळक्या वायरचा संशय आला तरी घरातलं कोणाचं तरी उसनं नाक बोलाव. गॅस गळतोय असं कोणी म्हणालं तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, एकाही बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

११. पाना हातात असताना गप्पा नकोत, रेडिओही नको – आपलं डोकं एका वेळी एकच काम नीट करतं. सूनबाई चहा विचारायला आली तर आधी पाना खाली ठेव, मग हो म्हण.

१२. घरात कोणी नसताना पेटी उघडू नकोस आणि गळ्यात शिट्टी अडकव – आपला आवाज हळूहळू बारीक होतो, न्हाणीघरातून मारलेली हाक दिवाणखान्यात पोचत नाही.

तुझ्या आईच्या मोरीतला नळ ठिबकतोय म्हणे. रविवारी दहाच्या सुमारास मी येतो. वहीत तुझी वेळ वेगळी निघाली तर आधी कळव, मी तेव्हा येईन. पेटीत अर्ध्या इंचाचे वॉशर आहेत का, तेवढं बघून ठेव.