बोटातला खडा, पेटीतला खडा

अगं, दागिने घ्यायला डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या राम मारुती रोडवर पाऊल टाकण्याआधी दहा मिनिटं माझ्याजवळ बस. लग्न ठरलं की सल्ले द्यायला सगळे पुढे. आत्या म्हणते हिऱ्याशिवाय शोभा नाही, सासूबाई म्हणतात आमच्याकडे मोतीच घालतात, मैत्रीण म्हणते लॅबमधला हिरा घे, खूप स्वस्तात होतं. कोणीच चुकीचं बोलत नाहीये. पण तुला कोणी विचारलं का, की तो खडा तू रोज घालणार आहेस की वर्षातून चार वेळा? माझ्या मते आधी तेवढंच ठरव. बाकीचं त्यामागून येतं.

तुझा दिवस डोळ्यांसमोर आण. सकाळची गर्दीची लोकल, वरच्या कडीला धरलेला हात, बॅगेचा पट्टा, ओढणी, दिवसभर कीबोर्ड आणि घरी आल्यावर कणीक. हे सगळं अंगठीला सोसायचं आहे. खड्यांचा कठीणपणा मोजायची मोस यांची मोजपट्टी आहे. तिच्यावर हिरा 10, माणिक आणि नीलम 9, पाचू साडेसात ते आठ आणि मोती फार तर साडेचार. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, त्यांचा कठीणपणा 7. त्याच्या खालचा खडा रोज घातलास तर नुसत्या पुसण्यानेही त्यावर ओरखडे येतात. म्हणून रोजच्या अंगठीत मोती आणि पोवळं नको. पाचूही नको, कितीही आवडला तरी. दुकानात त्याला पन्ना म्हणतील. त्याच्या पोटात मुळातच भेगा असतात आणि त्या बहुतेक वेळा तेलाने भरलेल्या असतात. रोजच्या साबणाने, गरम पाण्याने ते तेल निघून जातं आणि एक दिवस भेगा डोळ्यांना दिसायला लागतात.

रोजच्यासाठी हिरा, माणिक किंवा नीलम निवड. नीलमचं नाव काढलंस की घरात कोणीतरी शनी आणि साडेसाती काढणारच. तिथे वाद घालू नकोस. एका खड्यापायी लग्नाच्या तोंडावर आईची झोप उडू नये. माणिक घे, तेवढंच टिकाऊ आहे आणि आपल्या हिरव्या चुड्याशेजारी फार सुंदर दिसतं. फक्त विचार की आतल्या भेगांत काच भरली आहे का. फारच स्वस्तात मोठं, लालभडक माणिक दाखवलं तर बहुधा भरलेली असते, आणि पुढे अंगठी सैल-घट्ट करताना सोनाराच्या आचेने ते खराब होतं. खडा कुठलाही असो, नुसत्या चार टोकांवर उंच उभा असलेला घेऊ नकोस. ओढणीचा धागा त्यातच अडकतो, कणीकही तिथेच बसते. चारी बाजूंनी सोन्याची कड असलेली, बोटालगत बसणारी घडण माग. हिऱ्यावर तेलकटपणा लवकर चढतो, म्हणून अधूनमधून कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून मऊ ब्रशने घासत जा.

आता लॅबमधल्या हिऱ्याचं. तो खोटा नाही. तोही कार्बनचाच, तेवढाच कठीण, तेवढाच चमकदार. सुरतेत हे हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. 2023 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना दिला तो साडेसात कॅरटचा हिराही लॅबमधलाच होता. तुला आवडला तर बिनधास्त घे. पण त्यात पैसे अडकवतेय असं समजू नकोस. 2018 मध्ये डी बिअर्ससारख्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने लॅबमधल्या हिऱ्यांचा लाइटबॉक्स हा ब्रँड कॅरटला 800 डॉलर भावाने सुरू केला होता. बाजारातले भाव इतके कोसळले की 2025 मध्ये तो बंद करत असल्याचं त्यांनीच जाहीर केलं. खाणीतला हिरा विकायला गेलीस तरी दिलेले पैसे पुरते परत येत नाहीत. लॅबमधल्याचे त्याहून कमी येतील, काही दुकानदार तर तो परत घेतच नाहीत. घेतानाच परतीचा नियम बिलावर लिहून घे.

मोइसॅनाइटही दाखवतील. हा हिरा नाही, सिलिकॉन कार्बाइड आहे. कठीणपणा सव्वानऊ, आणि रंगीत झगमग हिऱ्यापेक्षाही जास्त. रोज घालायला उत्तम आहे, म्हणून नाक मुरडू नकोस. एक मात्र लक्षात ठेव: दुकानातलं ते पेनासारखं टेस्टर उष्णतेवर चालत असेल, तर मोइसॅनाइटवरही हिरा असल्यासारखंच वाजतं. टेस्टर वाजलं म्हणजे हिरा खरा, असं मानू नकोस. जीआयए किंवा आयजीआय या प्रयोगशाळांचं प्रमाणपत्र माग, त्यावर खाणीतला की लॅबमधला ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मोठ्या खड्यांच्या कडेवर लेसरने नंबर कोरलेला असतो, तो भिंगातून स्वतः वाच आणि कागदाशी ताडून बघ.

याच मोइसॅनाइटचं नाव टोरेस ज्वेलरीच्या प्रकरणात निघालं होतं, आठवतं ना? 2024 मध्ये दादरला दुकान उघडलं, कल्याणलाही शाखा आली. खडे विकायचे आणि वर दर आठवड्याला परतावा देण्याचं आमिष. मग पैसे यायचे थांबले आणि जानेवारी 2025 मध्ये दुकानांपुढे लोकांची रीघ लागली. त्याआधी 2019 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली, तेव्हा डोंबिवली-ठाण्यातल्या कितीतरी घरांचे लग्नासाठी साठवलेले पैसे अडकले. खड्यावर परतावा देतो म्हणणाऱ्याच्या दारातून तशीच माघारी ये. सराफाकडच्या भिशीत पैसे भरायचे असतील तर थोडेच भर. खडा आवडीसाठी घ्यायचा. अडीनडीला उपयोगी पडतं ते सोनं.

तेव्हा हिऱ्याचा भला मोठा सेट मला मान्य नाही, हे तुला स्पष्टच सांगते. 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, त्यामुळे कमी सोन्यात भरगच्च दिसणारे 18 कॅरटचे हिऱ्याचे दागिने सगळीकडे पुढे केले जातात. त्याऐवजी एक छोटी हिऱ्याची किंवा माणकाची अंगठी, छोटं मंगळसूत्र, आणि उरलेल्या पैशांच्या पाटल्या कर. छोट्या मंगळसूत्रातले हिरे दहा सेंटपेक्षा, म्हणजे कॅरटच्या दहाव्या भागापेक्षा लहान असतील तर व्हीव्हीएस या स्वच्छतेच्या वरच्या दर्जाचा हट्ट धरू नकोस. त्याखालच्या व्हीएसमध्ये आणि त्यात नुसत्या डोळ्यांना काही फरक दिसत नाही, किमतीत दिसतो.

आणि लग्नाच्या दिवशी मोती घाल! नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या. नऊवारीवर आणि शालूवर मोत्याचं तेज जसं खुलतं, तसं मला हिऱ्याचं कधी वाटलं नाही. आजीच्या पेटीत बसऱ्याचे मोती असतील तर ते सोन्याहून जपण्यासारखे आहेत. आखातातून मुंबईत येणारे ते समुद्रातले मोती आता नव्याने मिळणं अवघड. जपानमध्ये मिकिमोतोंनी 1893 मध्ये मोती पिकवून दाखवला, आणि आज दुकानात मिळतो तो जवळजवळ प्रत्येक मोती असा पिकवलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही. दातावर हलकेच घासून बघ: खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. आजीचा तन्मणी घालणार असशील तर आधी पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात गाठवून घे. जुना दोरा आतून कुजलेला असतो आणि मांडवात मोती वेचत बसायची वेळ येते. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, मोती सगळ्यात शेवटी. रात्री काढलेस की मऊ ओल्या कापडाने पूस, वाळव आणि सुती कापडात वेगळे ठेव. पाटल्यांबरोबर एकाच डब्यात टाकू नकोस.

आजीच्या कुडीतलं लाल माणिक एकदा तपासून घे, पण ते कारखान्यातलं निघालं तर मन खट्टू करू नकोस. 1902 पासून माणिक कृत्रिमरीत्या बनतंय, आणि जुन्या दागिन्यांत ते सर्रास सापडतं. कुडी आजीची आहे, ती घाल.

आता बिल. हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल सांगतो, खड्याबद्दल एक अक्षरही नाही. दागिन्यावर बीआयएसची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी बघ, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथेच पडताळ. मग खड्यांचं वजन वजा केलंय का ते बघ. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. अंगठी 4.200 ग्रॅमची आणि त्यात अर्ध्या कॅरटचे हिरे, तर हिऱ्यांचे 0.100 ग्रॅम जाऊन सोनं 4.100 ग्रॅम. सोन्याचे पैसे तेवढ्याचेच. हिऱ्यात हा फरक लहान असतो, पण रंगीत खड्यांच्या जड हारात तो कित्येक ग्रॅमचा होतो, आणि तिथे खडे सोन्याच्या भावाने गळ्यात पडतात. सोनं, खडे, घडणावळ, कर, चारही रकमा वेगळ्या लिहून माग. मागायला लाजू नकोस, आई-बाबांचे कष्टाचे पैसे आहेत.

आणि माहेरहून मिळणाऱ्या प्रत्येक दागिन्याचं बिल तुझ्या नावावर कर, बाबांच्याही नाही आणि होणाऱ्या नवऱ्याच्याही नाही. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. बिलं आणि प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लाव, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढ, आणि लॉकर घेशील त्यात तुझं नाव पहिलं असू दे.