खिडकीचा पडदा घरीच बसवूया



या वेळच्या पाठाला पाटी-पेन्सिलीबरोबर मोजपट्टी आणि ड्रिलही लागणार आहे. मस्कतच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या खिडकीतले ऊन एसीलाही दमवते. म्हणून पट्ट्यांचा पडदा, म्हणजे ब्लाइंड, घरच्या घरी कसा बसवायचा ते शिकूया.

कोणती खिडकी आधी?
मस्कत कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेला आहे. त्यामुळे २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरत नाही. सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून मात्र ते तिरपे होऊन थेट आत येते. म्हणून आधी पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या झाकाव्यात.

कोणता पडदा?
आपल्याकडे उन्हाळ्यात दाराबाहेर वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत, व्हरांड्यात बांबूच्या कामट्यांचे चिकाचे पडदे सोडत. यात मोठे शहाणपण होते. ऊन काचेबाहेरच अडवले तर घर जास्त थंड राहते. आतला पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून आतला पडदा फिक्या रंगाचा घ्यावा. तो बरेचसे ऊन काचेतून परत पाठवतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, तेथे ॲल्युमिनियम बरे. आडव्या पट्ट्यांवर धूळ जास्त बसते, उभ्यांवर कमी.

कसा बसवायचा?
१. घर भाड्याचे असेल तर आधी घरमालकांना विचारावे.
२. पडदा चौकटीच्या आत हवा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजावी. १२०, ११९.६ आणि ११९.८ सेंटिमीटर आली, तर सर्वांत लहान, म्हणजे ११९.६ धरावी. दुकानदारांना 'हे चौकटीचे माप आहे' असे सांगावे, म्हणजे पडदा हलण्यापुरती फट ते वजा करतील. पडदा चौकटीबाहेर हवा असेल तर दोन्ही बाजूंना ५ ते ८ सेंटिमीटर जास्त घ्यावे.
३. खुणा करताना पाणसळ ठेवावी. बुडबुडा मधोमध आला की रेघ सरळ.
४. भोक पाडणे मोठ्यांचे काम. डोळ्यांवर चष्मा हवा. विजेच्या बटणाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, तेथून वायर गेलेली असू शकते. भोकात प्लास्टिकचा प्लग ठोकून मग स्क्रू पिळावा.
५. पडदा अडकवून एकदा नीट ओढून पाहावा.
मुलांनी मोजपट्टी धरावी, आकडे लिहावेत आणि स्क्रू मोजून वाटीत ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचे : दोरी
पालकहो, हा भाग कृपया दोनदा वाचा. लोंबती दोरी लहान मुलाच्या गळ्यात अडकली तर आवाजही न होता काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून बिनदोरीचा पडदाच घ्यावा. जुन्या पडद्याला दोरी असेल तर जमिनीपासून किमान दीड मीटर उंच खुंटी ठोकून तिला गुंडाळावी. मण्यांची साखळी असेल तर ती भिंतीला ताणून पक्की करावी. पाळणा, पलंग आणि खुर्ची खिडकीपासून दूर ठेवावी. हे सर्व आजच करावे.

भाषेची गंमत
येथले लोक खिडकीला 'दरीशा' म्हणतात. तो शब्द फारसीतून आला आणि आपला 'दरवाजा'ही तिथलाच. दोघांतला 'दर' म्हणजे दार. 'पडदा'सुद्धा फारसीच!

शब्दार्थ
पाणसळ – पातळी तपासण्याचे गवंड्याचे साधन
ओळंबा – उभी रेघ तपासण्याचे वजन बांधलेले सूत
कामटी – बांबूची चिरलेली पट्टी
वाळा – सुगंधी मुळांचे गवत

स्वाध्याय
१. घरातल्या प्रत्येक खिडकीची दिशा आणि रुंदी लिहून आणा.
२. वाक्यांत उपयोग करा : पडदा पडणे, पडद्याआड राहणे, पडदा टाकणे.
३. घरात लोंबत्या दोऱ्या किती आहेत ते मोजा आणि आई-बाबांना दाखवा. पुढच्या वर्गात आम्ही प्रत्येकाला हाच प्रश्न पहिला विचारू!