पहिल्या वर्षी हप्ता नको

पालकहो, लेक कन्सल्टिंग कंपनीत लागली. पेढे वाटून झाले, पॅकेजचा आकडा सोसायटीभर झाला. आणि आता महिना होत आला तरी ती म्हणते, "प्रोजेक्ट नाही मिळालं अजून, बेंचवर आहे." तुमच्या पोटात गोळा. बँकेत नाहीतर महावितरणात उभी नोकरी काढलेल्या माणसाला पगार चालू आणि काम नाही, हे पचणं कठीणच.

नव्या मुलांना कुठल्या कामावर धाडायचं, हे ठरवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, म्हणून आतलं सांगते. या कंपन्या माणसांचा वेळ विकतात. कधी चार क्लायंट एकदम होकार देतात, कधी महिनाभर कुणाची सही होत नाही. होकार आला की माणसं लगेच लागतात, म्हणून काही जण हाताशी राखलेले असतात. म्हणजे काही आठवडे बेंचवर काढले, तर तो तिच्या लायकीवरचा शेरा नसतो. बहुतेकदा तारखा जुळलेल्या नसतात, इतकंच. याच दिवसांत तिने कुणाच्या प्रपोजलच्या स्लाइड्स, कुणाचं एक्सेल मन लावून केलं, तर पुढच्या कामाला तोच मॅनेजर तिला नाव घेऊन मागतो.

सगळं छानच होईल, असं मात्र मी म्हणणार नाही. 2023 मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी निवडलेल्या मुलांच्या रुजू होण्याच्या तारखाच पुढे ढकलल्या. ठराविक वर्षांत बढती नाही मिळाली तर दुसरीकडे पाहा, असाही काही ठिकाणी रिवाज आहे. तशी बाहेर पडलेली कित्येक जणं पुढे क्लायंटकडेच चांगल्या हुद्द्यावर बसतात, पण हे कळायला वेळ जातो.

मुलांना खरं बोचतं ते वेगळंच. दहावीपासून त्यांना सिलॅबस मिळत आला. इथे या महिन्यात औषधांचा कारखाना, पुढच्या महिन्यात विमा कंपनी, आणि उत्तर कुणालाच माहीत नसलेला प्रश्न. नव्वद टक्केवाल्यांना पहिल्यांदाच "मला काही कळत नाही" असं वाटतं, आणि ते घरी सांगायची चोरी होते. जिन्याच्या वळणावर उभी राहून "हो आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणणारी मुलगी मी पाहिली आहे. वर तिच्या लॅपटॉपवर कोरी शीट उघडी होती. तिला कंपनीने नव्हतं विचारलं, रोज आईच विचारत होती. तेव्हा "काम मिळालं का?" हा प्रश्न तुम्ही टाळा, मिळालं की ती स्वतःच सांगेल. रात्री-रात्री जागते, जेवण तुटलंय, रविवारीसुद्धा फोन खाली ठेवत नाही, असं दिसलं तर मात्र भीड न ठेवता विचारा.

आता माझा खरा आग्रह. "भाड्यापेक्षा हप्ता बरा" म्हणत पहिल्याच वर्षी तिच्या नावावर फ्लॅट बुक करू नका. साठ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता बावन्न हजारांच्या घरात जातो. तो सुरू झाला की तिला नकोसं प्रोजेक्ट नाकारता येत नाही, न जमणारी कंपनी सोडता येत नाही, आणि बेंचवरचा प्रत्येक दिवस हप्त्याच्या तारखेवर मोजला जातो. आधी सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात साठू दे. बिल्डरची ऑफर दर दसऱ्याला येते.

राहिली स्थळं. मुलाकडच्यांनी "सध्या कुठल्या प्रोजेक्टवर आहे?" असं विचारलं, तर सरळ सांगा, बेंचवर आहे. त्यांचा मुलगा आयटीत असेल, तर तोच त्यांना समजावून सांगेल.