परदेशातील प्राणिहक्क चळवळीला पाठिंबा

प्रश्न : स्पेनमधील बैलझुंजविरोधी आंदोलनाला महाराष्ट्रातून पाठिंबा देणे योग्य आहे का?

उत्तर : प्राण्याला होणाऱ्या वेदना कमीत कमी असाव्यात हा विचार म्हणजे प्राणिकल्याण, तर माणसाच्या करमणुकीसाठी त्याचा वापरच होऊ नये हा विचार म्हणजे प्राणिहक्क. वेदनेला देशाची सीमा नसल्याने दोन्ही विचारांनुसार परदेशातील क्रौर्याचा निषेध उचितच ठरतो. परिणामकारकतेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताच्या संसदेने २०१० मध्ये बैलझुंजींवर बंदी घातली, ती तेथील नागरिकांनी सह्या गोळा करून पुढे आणलेल्या प्रस्तावामुळे. आणि २०१६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने, सांस्कृतिक वारशाबाबत अशी बंदी घालणे प्रांताच्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे, या कारणास्तव ती रद्द केली. म्हणजेच निर्णय त्या देशातील नागरिक, विधिमंडळे व न्यायालये घेतात, तर बाहेरचा दबाव वाढल्यास प्रथेच्या समर्थकांना परकीय हस्तक्षेपाची आयती सबब मिळू शकते. शिवाय महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना मुभा देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवला असताना, त्याविषयी कोणतीही भूमिका न घेता केवळ स्पेनकडे बोट दाखवणे विसंगत ठरते. म्हणून वाचकांनी तेथील संघटनांच्या मागणीला दुजोरा जरूर द्यावा, परंतु नेतृत्व त्यांच्याकडेच राहू द्यावे आणि तोच निकष घरच्या प्रथांनाही लावावा.